तेल अर्ध्यावर आणलं तरी एलडीएल का हलत नाही? नागपुरी ताटाचा हिशोब

खाद्यहिशोब (धागाकर्ता)

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) वाढलेलं दिसलं की घरात पहिला हुकूम सुटतो तो तेलाचा. भाजी पाण्यावर, पोळी कोरडी, तर्री (पोह्यांवरचा चण्याचा झणझणीत तेलकट रस्सा) बंद. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं की आकडा जवळपास तिथंच. मग कोणी म्हणतं खाण्यानं काही होत नाही, कोणी म्हणतं आमचं शरीरच तसं. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. एलडीएल वाढवणारी वस्तू ताटात तशीच राहिलेली असते, आणि ती तेलाच्या कॅनमध्ये नसते.

खाण्यातून एलडीएल वाढतं ते मुख्यतः सॅच्युरेटेड फॅटमुळे, म्हणजे तूप, साय, खोबरं, पाम तेल यांत जास्त असणाऱ्या संपृक्त चरबीमुळे. यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात. रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणं हे त्यांचं काम. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. ज्यांना एलडीएल उतरवायचं आहे त्यांनी सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरीच्या ७ टक्क्यांच्या आत ठेवावं. २००० कॅलरींच्या खाण्यात ७ टक्के म्हणजे १४० कॅलरी. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे दिवसाला साधारण १५ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशीच ताडून बघायचं आहे.

आता आपल्याकडच्या एका साध्या दिवसाचा हिशोब मांडू. दिवसभराचा चहा आणि रात्रीचं दूध मिळून म्हशीचं दूध ३०० मिली: त्यात सॅच्युरेटेड १२ ग्रॅम. वरण-भातावर आणि पोळीवर मिळून दोन छोटे चमचे तूप: ६ ग्रॅम. चहाबरोबर दोन खारी, साधारण ५० ग्रॅम: ६ ते ७ ग्रॅम. रस्स्याच्या वाटणातून एकाच्या वाट्याला आलेलं १० ग्रॅम सुकं खोबरं: साडेपाच ग्रॅम. आणि ज्याच्यावर सगळा राग निघतो ते २० मिली शेंगदाणा तेल: साडेतीन ग्रॅम. बेरीज ३३-३४ ग्रॅम.

तेल निम्मं केलं तर वाचले पावणेदोन ग्रॅम. ताट बेचव झालं, घरातले वैतागले आणि एलडीएलला पत्ताच लागला नाही. त्याऐवजी दूध डबल टोन्ड घ्या (दीड टक्का फॅट), ९ ग्रॅम वाचतात. खारी बंद करा, साडेसहा वाचतात. तूप एक चमचा ठेवा, ३ वाचतात. तेलाला हातही न लावता ३३ वरून १५ वर आलात.

साय काढण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. म्हशीचं दूध तापवून, फ्रिजमध्ये सहा-आठ तास ठेवून, दोनदा साय काढली तर फॅट बरंच कमी होतं, पण डबल टोन्डइतकं नाही. आणि त्याच सायीचं तूप कढवून घरातच खाल्लं तर फॅट फक्त पातेल्यातून बरणीत गेलं.

एक धोका आधीच सांगून ठेवते. खारी गेली आणि तिच्या जागी मारी बिस्किट, मुरमुरे, जास्तीचा भात आला, तर एलडीएल थोडं उतरेल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) चढेल. काढलेल्या जागी फुटाणे, मोड आलेली मटकी, मूठभर बदाम-अक्रोड किंवा भाजलेले शेंगदाणे यायला हवेत.

महालचा_वाडा

ताई, हिशोब एकदम पटला. लोक इथं तेल मोजून राहिले आणि दूध कोणी मोजत नाही. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. गाईचं साजूक तूप वेगळं ना? आणि लाकडी घाण्याच्या तेलानं कोलेस्टेरॉल होत नाही म्हणतात, ते खरं का?

इतवारी_किराणा

तुपाचं आधी. गाईचं असो की म्हशीचं, तुपात साठ टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट असतं. चमचाभर तुपानं कोणी आजारी पडत नाही, पण ज्याचं एलडीएल आधीच वाढलंय त्यानं ते १५ ग्रॅमच्या हिशोबात धरलंच पाहिजे. रोडगे-वांग्याच्या जेवणात वाटीभर तूप पोटात जातं, तो हिशोब दिवसाचा नाही, आठवड्याचा होतो.

घाण्याचं तेल आणि रिफाइंड तेल यात फॅटची जात तीच राहते. शेंगदाण्याचं घाण्यावर काढा की कारखान्यात, सॅच्युरेटेड १७ ते २० टक्केच. घाण्याच्या तेलाला वास-चव चांगली असते, म्हणून कमी तेलात भागतं, हा खरा फायदा. "कोलेस्टेरॉल फ्री" हे डब्यावरचं लिखाण बघून जास्त पैसे देऊ नका. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं, कुठल्याच बियांच्या तेलात ते नावालाच सापडेल.

तेलं निवडताना हा क्रम डोक्यात ठेवा. करडई, सूर्यफूल, मोहरी, जवस: सॅच्युरेटेड साधारण १२ टक्के किंवा त्याहून कमी. तीळ आणि सोयाबीन: १५ च्या आसपास. शेंगदाणा आणि राइस ब्रान: २० च्या आसपास. पामोलिन: चाळीसच्या वर. पाम: ५०. खोबरेल: ८० च्याही वर. करडई आणि जवस हे आपल्या विदर्भाचंच पीक, ते सोडून पामोलिन भरायचं काही कारण नाही. जवसाचं तेल मात्र तळायला वापरू नका, ते उष्णतेनं लवकर बिघडतं. भाकरीवर, चटणीवर कच्चं घ्या आणि छोटी बाटली घेऊन लवकर संपवा.

पाम तेल घरात फारसं नसतं, ते बाहेरून येतं. खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीम बिस्किट, शेव, फरसाण, चिवडा. पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचा. "पाम तेल", "पामोलिन", "खाद्य वनस्पती तेल (पाम)", "हायड्रोजनेटेड" यातलं काही पहिल्या तीन-चार घटकांत असेल तर परत ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात ट्रान्स फॅटची (तेल हायड्रोजनेट करताना बनणाऱ्या घातक चरबीची) मर्यादा २ टक्के झाली, ही मोठी गोष्ट झाली. पण ट्रान्स फॅट गेलं म्हणजे खारी निर्दोष झाली असं नाही. त्या जागी पाम आलं, आणि पाम निम्मं सॅच्युरेटेड आहे.

घरात किती तेल लागतं हे कळायचा सोपा उपाय म्हणजे कॅन उघडला की त्यावर मार्करनं तारीख घाला. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटर म्हणजे माणशी रोज १६-१७ मिली. एवढं ठीक आहे. चार लिटर जात असेल तर एलडीएलसाठी नाही, पण पोटाच्या घेरासाठी हात आवरा, कारण २० मिली तेल म्हणजे १६०-१६५ कॅलरी. बुधलीतून ओतू नका, ५ मिलीचा चमचा डब्यातच ठेवा.

खाद्यहिशोब

तळून उरलेल्या तेलाबद्दल एक ओळ जोडते. हॉटेलांना तेलातले "टोटल पोलर कंपाउंड" (तळून तळून तेलात साचणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, म्हणून खूण लक्षात ठेवा: तेल काळपट झालं, दाट झालं, तापवताना फेस येऊन टिकला किंवा लवकर धूर सुटला, की टाकून द्या. एकदा तळलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवलेलं चालतं.

लॅब_सक्करदरा

खाणं बदलण्याआधी रिपोर्ट नीट वाचा, कारण वेगवेगळ्या रिपोर्टला वेगळं खाणं लागतं.

उदाहरण घ्या. एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड २१०. बऱ्याच प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, गणितानं काढतात: एकूणमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. म्हणजे २२८ - ३८ - ४२ = १४८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, तेव्हा "डायरेक्ट एलडीएल" सांगावं लागतं. त्याच्या आतसुद्धा ट्रायग्लिसराइड जितकं जास्त, तितकं या गणितातलं एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं.

म्हणून नॉन-एचडीएल बघा. एकूण वजा एचडीएल, बस. वरच्या रिपोर्टमध्ये १९०. धमनीच्या भिंतीत शिरणारे सगळे कण यात येतात. एलडीएलचं जे लक्ष्य असेल त्यात ३० मिळवले की नॉन-एचडीएलचं लक्ष्य. इतर काही धोका नसेल तर एलडीएल १०० च्या आत, म्हणजे नॉन-एचडीएल १३० च्या आत. मधुमेह असेल किंवा हृदयविकार होऊन गेला असेल तर डॉक्टर ७० च्या आत, काहींना त्याहूनही खाली आणायला सांगतात.

आपल्या लोकांमध्ये एलडीएल मध्यम, ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी अशी जोडी फार दिसते. अशा रिपोर्टला फक्त तूप-दूध कमी करून भागत नाही. साखर, गोड चहा, ज्यूस, कोल्ड्रिंक, दारू, भाताचा डोंगर आणि पोट, हे तिथले दोषी. वजन ५ ते १० टक्के उतरलं की ट्रायग्लिसराइड चांगलं वीसेक टक्के खाली येऊ शकतं.

तपासणीला येताना: १०-१२ तास उपाशी, पाणी चालतं. आधीचे दोन-तीन दिवस दारू नाही. आदल्या रात्री लग्नाचं जेवण नाही. ताप-इन्फेक्शन असताना एलडीएल खोटं कमी दिसतं, बरं झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. मोठी शस्त्रक्रिया किंवा हार्ट अटॅकनंतर तर दीड-दोन महिने. लॅबमध्ये आल्यावर पाच-दहा मिनिटं बसून मगच रक्त द्या. आणि दर वेळी तीच लॅब ठेवा. त्याच माणसाचा आकडा आठवडाभरात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतोच. १४८ चं १४१ झालं म्हणून पेढे वाटू नका, १५५ झालं म्हणून खचू नका. खाणं बदलल्यावर आठ ते बारा आठवड्यांनी तपासा, त्याआधी नाही.

अजून एक. एलडीएल अचानक चढलं असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) एकदा बघाच. थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं, आणि तिथे कितीही जवस खाल्लं तरी मूळ कारण तसंच राहतं.

भिवापुरी

आता तर्रीचं बोलू. तर्री बंद करायला सांगणाऱ्या डाएट चार्टला नागपुरात आठवडाही कोणी पाळत नाही, आणि बंद करायची गरजही नाही. तर्रीत चणा आहे, चणा म्हणजे डाळवर्गीय, तो एलडीएलला उलट हवाच आहे. अडचण वर तरंगणाऱ्या बोटभर तेलाची आणि आतल्या खोबऱ्याची. चार माणसांचं प्रमाण देतो.

काळे चणे १०० ग्रॅम, रात्रभर भिजवून, मीठ घालून तीन वाट्या पाण्यात पाच-सहा शिट्ट्या. हे पाणी फेकायचं नाही. सहा-आठ भिवापुरी मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजत घालायच्या. दोन कांदे थेट आचेवर साल काळी होईपर्यंत भाजायचे. धणे दोन चमचे, जिरं एक, मिरी सहा-आठ, लवंग तीन, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, एक मसाला वेलची, चिमूटभर दगडफूल, हे सगळं कोरड्या तव्यावर मंद आचेवर. खोबऱ्याऐवजी एक मोठा चमचा तीळ आणि एक मोठा चमचा फुटाण्याची डाळ भाजून घ्यायची. दाटपणा डाळीनं येतो, खमंगपणा तिळानं. दहा-बारा पाकळ्या लसूण, इंचभर आलं. सगळं मिरच्यांच्या पाण्यात बारीक वाटायचं.

एकूण तेल २० मिली, म्हणजे चार छोटे चमचे. यातले तीनच आधी घ्यायचे. वाटण टाकलं की दोन-तीन मिनिटांत ते बुडाला धरायला लागतं. इथेच लोक घाबरून तेलाची बुधली उचलतात. तेल नाही, चण्याचं गरम पाणी दोन चमचे टाका, खरवडा, परता. पुन्हा धरलं की पुन्हा दोन चमचे. असं चार-पाच वेळा, मंद आचेवर दहा मिनिटं. कच्चा वास गेला, रंग विटेसारखा गडद झाला की चणे आणि उरलेलं पाणी घालून पंधरा मिनिटं उकळू द्या. गार पाणी घालू नका, मसाला फुटतो आणि रस्सा पाणचट राहतो.

शेवटी तो राखलेला चौथा चमचा. छोट्या कढल्यात तापवा, गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, मग त्यात अर्धा चमचा तिखट टाकून लगेच रश्श्यावर ओता. सगळं लाल तेल वर दिसतं, ताटात तर्री दिसते आणि माणशी तेल ५ मिली पडतं. तेल फार कडक असताना तिखट टाकलं तर ते करपून काळं पडतं आणि सगळी तर्री कडवट होते.

पोह्यांचं: ट्रायग्लिसराइडवाल्यांनी पोहे निम्मे आणि चणा दुप्पट असं वाढून घ्यावं. वरची शेव गाळा, कांदा-सांबार (कोथिंबीर)-लिंबू भरपूर घाला.

महालचा_वाडा

भिवापुरी भाऊ, हे तर आजच करून पाहतो. आणि सावजी मटणाचं काय? घरी पंधरा दिवसांतून एकदा होतंच.

भिवापुरी

पंधरा दिवसांतून एकदा, माणशी १०० ग्रॅम कच्चं मटण, एवढ्यानं बिघडत नाही, पण करायची पद्धत बदला. घेतानाच रानाचं (मांडीचं) मटण मागा आणि दिसणारी चरबी काढायला लावा. आधी फक्त हळद-मीठ-आलं-लसूण घालून शिजवून घ्या. गार झालं की मटण आणि आळणी (मटण शिजलेलं पाणी) वेगळं करून आळणी फ्रिजमध्ये पाच-सहा तास. वर पांढरा थर घट्ट बसतो, तो चमच्यानं पापुद्र्यासारखा निघतो. ती मटणाची चरबी, जवळपास निम्मी सॅच्युरेटेड. ती टाकून उरलेल्या आळणीत वरच्यासारखंच वाटण. मसाला घातल्यावर ही युक्ती तितकी चालत नाही, कारण फोडणीचं तेल फ्रिजमध्ये असं घट्ट गोठत नाही, ते चरबीत मिसळून पातळ थर राहतो आणि निम्मं रश्श्यात परत जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

सोबत ज्वारीची भाकरी, वाटीभर कच्चा कांदा, आणि भात राहू द्या. भेजा-कलेजी वाढलेल्या एलडीएलवाल्यांनी टाळलेली बरी.

रोजची_उसळ

आतापर्यंत काय काढायचं ते आलं. काय घालायचं ते मी लिहिते, कारण कोलेस्टेरॉल उतरवायची अर्धी ताकद तिथे आहे आणि चार्टमध्ये तिला "सॅलड खा" एवढीच जागा मिळते.

काम करतो तो विरघळणारा तंतू, जो पाण्यात चिकट होतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवतं, ती आतड्यात येतात आणि बरीचशी परत शोषली जातात. हा चिकट तंतू त्यांना धरून शौचावाटे बाहेर नेतो. मग नवीन पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढावं लागतं. सॅलडच्या काकडीत हा तंतू फारसा नसतो. ज्वारीच्या भाकरीतला तंतूही बहुतेक न विरघळणारा. भाकरी साखरेसाठी, पोट भरण्यासाठी चांगलीच, पण तिच्या भरवशावर एलडीएल उतरेल असं धरू नका.

भरवसा ठेवा तो डाळी-उसळींवर. रोज शिजलेली एक मोठी वाटी, साधारण १३० ग्रॅम, यानं एलडीएल पाचेक टक्के उतरतं. पातळ वरण दोन पळ्या म्हणजे ही वाटी नव्हे, त्यात डाळ २० ग्रॅमही नसते. बरबटी (चवळी), मटकी, राजमा, हरभरा, हिवाळ्यात पोपटीचे (वालाचे) आणि तुरीचे ओले दाणे. वाफवलेली पाटोडी बेसनाचीच, ती तळू नका, रश्श्यात तशीच सोडा. सोयाबीन तर आपल्या शेतात आहे: ५० ग्रॅम सोया वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि मटणाच्या जागी त्या आल्या तर दुहेरी फायदा.

ओट्स किंवा जव: यातला विरघळणारा तंतू म्हणजे बीटा-ग्लुकन, ते रोज ३ ग्रॅम लागतं. त्यासाठी कोरडे ओट्स ७५ ग्रॅम हवेत, म्हणजे चांगली दीड वाटी. दोन चमचे ओट्स दुधात टाकून काही साधत नाही. ओट्सचं पीठ करून भाकरीच्या पिठात तिसरा हिस्सा मिसळलं तर निभतं. जास्त घातलं की भाकरी थापताना तुटते. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ फार असतं, साधे घ्या.

वांगं आणि भेंडी यांच्यातही हा तंतू आहे. टोरोंटोचे डॉ. डेव्हिड जेनकिन्स यांनी जो "पोर्टफोलिओ" आहार मांडला त्यात याच दोन भाज्या, सोया, बदाम, चिकट तंतू आणि वनस्पती स्टेरॉल (कोलेस्टेरॉलचं शोषण अडवणारे वनस्पतींतले घटक) एकत्र होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जिथे जेवण पुरवलं होतं, तिथे महिनाभरात एलडीएल जवळपास २८ टक्के उतरलं. २०११ च्या प्रयोगात लोकांना फक्त सल्ला दिला आणि ते घरी आपापलं जेवले, तेव्हा साधारण १३ टक्के. मला हा फरक फार बोलका वाटतो. एकेका वस्तूनं पाच टक्के, पण पाच वस्तू रोज ताटात आल्या तर बेरीज होते. आणि बेरीज घरच्या स्वयंपाकघरातच होते किंवा होत नाही. भरीत करा, वांगी तळू नका. तळलेलं वांगं स्पंजासारखं तेल पितं.

जवस: रोज दोन ते चार मोठे चमचे दळलेलं, १५ ते ३० ग्रॅम. अख्खं जवस दाताखाली न फुटता तसंच बाहेर पडतं, म्हणून दळायचंच. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, लसूण-तिखट-जिरं घालून दळा. दहा-बारा दिवसांचीच चटणी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ऑइल पेंटसारखा वास आला की ती खवट झाली, टाका. मीठ बेतानं, कारण चार चमचे चटणीतलं मीठ बीपीवाल्यांना महागात पडतं.

इसबगोल: दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे भुसा, दोन वेळांत विभागून, जेवणाआधी. पहिला आठवडा एक छोटा चमचाच, नाहीतर पोट फुगतं आणि लोक सोडून देतात. प्रत्येक वेळी पूर्ण ग्लास, २५० मिली पाणी, ढवळून लगेच प्यायचं. कोरडा फक्का मारू नका, घशात फुगून अडकतो. गिळायला त्रास असणाऱ्यांनी, आतड्याचा अडथळा होऊन गेलेल्यांनी, पाणी मोजून पिणाऱ्या किडनी-हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिशीतला_आयटी

जिम लावली तर एवढं सगळं करायची गरज पडेल का?

सेमिनरी_हिल्स

पडेल. व्यायामानं ट्रायग्लिसराइड छान उतरतं, एचडीएल थोडं चढतं, पोट जातं, बीपी-शुगर सुधारते. एलडीएलवर परिणाम थोडकाच. म्हणून दोन तास घाम गाळून आलूबोंडा खाल्ला तर चालतो, हे गणित बसत नाही.

आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चालणं. वेग एवढा की बोलता येईल पण गाता येणार नाही. फुटाळा, अंबाझरीचा सपाट रस्ता सुरुवातीला बरा. दोन महिन्यांनी सेमिनरी हिल्सचा चढ घ्या, त्याच वेळात जास्त काम होतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा सूर्य वर यायच्या आत फेरी संपवा, नाहीतर घरात जिना चढउतार, बैठका, दंडाचे व्यायाम करा. उन्हाळ्यात चार महिने खंड पडणं हेच इथल्या चालणाऱ्यांचं मोठं नुकसान. ट्रायग्लिसराइडवरचा फायदा एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून रविवारी एकदम तीन तास चालण्यापेक्षा रोजचा अर्धा तास चांगला.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. सिगारेटनं एचडीएल घटतं हे लोक ऐकून असतात, खर्र्याला मात्र त्यातून सूट देतात. तंबाखू चघळली तरी निकोटिन रक्तात जातंच, नाडी-बीपी वाढतं, आणि हृदयाबरोबर तोंडही जातं. एलडीएल १० ने उतरवून दिवसाला चार पुड्या चालू ठेवल्या तर हृदय वाचवायचं काम अर्धवटच राहतं. आधी खर्रा सोडा.

गोकुळपेठ_गृहिणी

घरी सासऱ्यांना स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी चालू आहे. कुणीतरी सांगितलं की या गोळीवर संत्री चालत नाही. आता आंबिया बहाराची संत्री दारात आली आहे आणि ते खायला घाबरतात. खरं काय?

औषधवाला_धंतोली

ताई, त्यांना बिनधास्त संत्री द्या. हा घोळ ग्रेपफ्रूटमुळे झालाय, म्हणजे चकोतरा. त्यातले घटक आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतात आणि सिम्वास्टॅटिन, अटोरवास्टॅटिन रक्तात वाढतं. स्नायू दुखण्याचा धोका त्यामुळे वाढतो. पपनसही त्याच कुळातलं, तेही टाळावं. आपली नागपुरी संत्री आणि मोसंबी यांचा असा त्रास नाही. फक्त ज्यूस काढू नका. फोडी पांढऱ्या सालपटासकट खाल्ल्या तर पेक्टिन मिळतं, तो विरघळणारा तंतूच. ग्लासभर ज्यूसला तीन-चार संत्री लागतात, तंतू चोथ्यात जातो आणि साखर ग्लासात राहते. संत्रा बर्फीला फळात धरू नका.

गोळीबद्दल दोन शब्द. आकडा लक्ष्यावर आला म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो, बंद केली की काही आठवड्यांत परत चढतो. खाणं चांगलं सुधारलं असेल तर डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. हार्ट अटॅक किंवा स्टेंट झालेल्यांनी तर हा प्रयोग मुळीच करायचा नाही. दोन्ही मांड्या-खांदे नव्यानं दुखायला लागले किंवा लघवी गडद झाली तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

लसूण, आवळा, अर्जुनसाल, मेथी: अन्न म्हणून जरूर खा, गोळीच्या जागी घेऊ नका.

लॅब_सक्करदरा

ज्यांचं एलडीएल १९० च्या वर आहे त्यांनी आठ-बारा आठवडे खाण्याचा प्रयोग करत थांबू नये. डोळ्याच्या बुबुळाभोवती तरुणपणीच पांढरी कड, टाचेच्या किंवा बोटांच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) गाठी, घरात पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हार्ट अटॅक, असं असेल तर हा आनुवंशिक प्रकार असू शकतो. तिथे रिसेप्टरच जन्मतः कमी असतात. आहार हवाच, पण त्यानं एकट्यानं भागत नाही. नागपुरातली सरकारी रुग्णालयं, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, जिथं सोयीचं असेल तिथं दाखवा आणि भाऊ-बहिणी, मुलं यांचीही लिपिड तपासणी करा. शाळकरी मुलगा सडपातळ आहे म्हणून तपासणी टाळू नका. सोबत लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, आनुवंशिक पातळीचा कण) एकदा बघितलं की पुरे, ते खाण्यानं बदलत नाही, पण उपचार किती कडक ठेवायचे ते त्यावरून ठरतं.

गोकुळपेठ_गृहिणी

धन्यवाद औषधवाले दादा. सासूबाईंना थायरॉइडची गोळी आहे आणि त्यांना इसबगोल सुरू करायचं आहे. दोन्हींची वेळ कशी बसवायची?

रोजची_उसळ

थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहाही नको. इसबगोल सकाळी ठेवूच नका, ते गोळी अडवतं. पहिला हिस्सा दुपारच्या जेवणाआधी, दुसरा रात्रीच्या जेवणाआधी. रात्री बीपी, शुगर किंवा स्टॅटिनची गोळी असेल तर ती आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा. दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा बघून घ्या, इसबगोलमुळे गोळी कमी पडायला लागली असेल तर त्यात कळेल.